वासाचा रकाना

गच्चीवरच्या निळ्या पिंपातला वेल
चौथ्या वर्षी फुलला, तोही कसाबसा,
केबलच्या तारेवर चढून.
लाहौलहून वर्तमानपत्राच्या ओल्या घडीत आलेली मुळी
दांडिया बाजारच्या उन्हात जगेल
असं मलाही वाटलं नव्हतं.
कूलरचं पाणी घातलं, हिरवी जाळी ताणली,
आणि भाद्रपद संपताना मोजली : सत्तेचाळीस बोंडं.
हॉप्स म्हणतात याला.
बियरमध्ये घालतात, हे मी
जिन्यात कुणाला सांगत नाही.
या गावात बियरला परमिट लागतं,
वासाला अजून लागत नाही.

वाळवायला गव्हाची चाळण घेतली,
वर जुन्या पातळाचा तुकडा,
फ्रिजच्या माथ्यावर, पंखा दोनवर.
उन्हात नाही. उन्हानं तेल उडतं,
मागे उरतो तो नुसता कडबा.
तिसऱ्या दिवशी एक बोंड कानाशी धरलं,
कागदासारखं कुरकुरलं.
मधला दांडा वाकवला.
वाकला.
चौथ्या दिवशी मोडला, कट्.
एवढं मला येतं.
एकतीस वर्षं नंदेसरीत
नमुने तपासलेत मी,
ओलावा किती, राख किती, सही कुठे.

पुढचं येत नाही.
पुढचं म्हणजे बोंड तळव्यात चुरायचं,
पिवळी पूड ऊन होईतो चोळायची
आणि ओंजळीत नाक घालायचं.
मी घातलं.
ओंजळीत ओंजळ होती.
नाक पिरिडीननं कधीच नेलं होतं,
थोडं थोडं, दरमहा, पगारातून कापल्यासारखं.
घरी कळलं तेव्हा
दूध करपून पातेलं काळं झालं होतं
आणि मी शेजारीच पेपर वाचत होतो.

म्हणून माणसं बोलावली.

सुहासिनीनं हुंगलं. भुवया आधी वर, मग एकत्र.
“कसुरी मेथी,” म्हणाली, “आणि मागून लिंबाची साल.
छे, लिंबू नाही. पपनस.”
पपनस शेवटचं कुठं खाल्लं ते आठवत
ती गॅस बंद करायची विसरली.
खालच्या जशोदाबेन हात पुसत आल्या,
“आ तो लीली चा,” म्हणाल्या,
चहात टाकू का विचारलं.
त्यांचा नातू पार्थिव : “नव्या टेनिस बॉलचा डबा.”
मग दिघे आले, माझ्याच लॅबमधले.
त्यांनी फार वेळ हुंगलं, डोळे मिटून,
आणि “छान आहे” म्हणाले.
मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे.
एकाच खोलीची हवा आम्ही
दोघांनी मिळून संपवली होती.
“छान आहे,” मी म्हणालो.

रात्री रजिस्टर काढलं. जुनी खोड.
नमुना एक, वजन नऊ ग्रॅम, रंग पोपटी,
काही पाकळ्यांची टोकं तपकिरी.
वासाच्या रकान्यात पेन थांबलं.
साक्षीदार सगळे खरे बोलले होते
आणि एकाचा जबाब दुसऱ्याशी जुळत नव्हता.
शिवाय लिहायचं होतं ते वेगळंच :
पपनस म्हणताना सुहासिनीची मान
किंचित मागे गेली होती,
कुणीतरी फांदी वाकवून तिच्यासाठी धरल्यासारखी.
रकाना तेवढा रुंद नव्हता.

बरणी मटारांच्या मागे, फ्रीजरमध्ये ठेवली.
हात साबणानं धुतले. दोनदा.

सकाळी सेव-उसळ.
पाव मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला
आणि जिभेच्या पार मुळाशी
कडू.
कारल्याचं नव्हे, काढ्याचंही नव्हे.
नखाच्या कडेला पिवळं काहीतरी
चिकटून राहिलं होतं रात्रभर.
“तिखट झालीय का?” सुहासिनीनं विचारलं.
मी मान हलवली, हो की नाही ते तिला कळलं नसावं,
आणि बोट पुन्हा एकदा चाटलं,
अगदी हळू,
नमुना संपू नये म्हणून.