गॅप सर्टिफिकेट

बावड्याच्या कोर्टाबाहेर, छत्रीखाली, टायपिंगवाला
मान वर न करता विचारतो,
“खंड किती?”
अठ्ठावीस.
त्याची बोटं थांबतात.
“महिने म्हणताय का वर्षं?”
वर्षं.

नाव, राजमती भूपाल मगदूम.
लग्नाआधीचं, राजमती नेमगोंडा चौगुले.
राहणार रुकडी.
कारण?
माझ्यामागे एक पोरगा उभा आहे
एका वर्षाचा खंड घेऊन. त्याचं कारण कावीळ.
माझं मला पटकन सुचत नाही.
“घरगुती टाकू? सगळ्या बायका
घरगुतीच टाकतात.”
टाका.

घरगुती म्हणजे एप्रिल शहाण्णव,
शनिवारी ऑडिटिंगचा पेपर
आणि शुक्रवारी अक्षता.
हॉलतिकीट ट्रंकेच्या तळाशी, शालूखाली,
त्यातली दोन वेण्यांची मी
डांबरगोळ्यांचा वास घेत पडून.

घरगुती म्हणजे पहाटे पाचला दूध संस्थेत
म्हशीची फॅट. सहा आठ. सात दोन.
विलासतात्यांची मात्र नेमकी सणाच्या तोंडावर
पाच चार.
मी आकडा लिहायचे, तोंडानं काही म्हणायचे नाही.
ते खाली बघून किटली उचलायचे.

आणि एकोणिसाला पंचगंगा दारात आली तेव्हा
आधी संस्थेच्या किर्दी माळ्यावर टाकल्या
खताच्या पोत्यात गुंडाळून,
मग सासूबाईंचं इन्सुलिन,
मग सासूबाई.
हा क्रम त्यांनी शेवटपर्यंत
आल्यागेल्याला ऐकवला.

दरसाल ऑडिटर यायचे.
त्यांच्यापुढं मी चहा ठेवायचे, आणि खतावणी.
एकदा ते नुसती पानं उलटत राहिले,
लाल पेनाचं टोपण काढलंच नाही.
“ताई, शिक्षण?”
बी.कॉम.ला होते.
होते.
म्हणजे इथं चिंच होती म्हणतो ना आपण,
रस्ता रुंद व्हायच्या आधी, तसं.

फॉर्म सन्मतीनं पुण्यातून भरला, फोनवर विचारत विचारत.
जन्मसालाशी अडला.
“थांब आई, खाली जातोय. अजून खाली. अजून.”
आडात पोहरा सोडल्यासारखा.
लागलं का पाणी?
“लागलं. पंच्याहत्तर.”

ह्यांनी काहीच विचारलं नाही.
दुसऱ्या दिवसापासून वैरण स्वतः कापायला घेतली,
इतकी जाडी
की म्हशी माझ्याकडं बघतात.

कागद पुढं येतो. “वाचून सही करा.”
खालून दुसरी ओळ:
सदर कालावधीत मी इतरत्र कोठेही
कोणतेही शिक्षण घेतलेले नाही.
एवढं वाक्य बदलता येईल का?
“का? घेतलंय का कुठं?
मग तिथला दाखला लागतो.”

दाखला.
विलासतात्या सही करणार नाहीत.
नदीचा तर प्रश्नच नाही.
सासूबाईंनी केली असती, अंगठ्यानं,
पण आधी तो क्रम ऐकवून.

“काकू,” मागून कावीळ म्हणते, “माझी एसटी चुकंल.”

मी पेन घेते.
शपथेवर लिहून देते
की अठ्ठावीस वर्षांत काही शिकले नाही,
आणि हात आपल्याच नादात, वळणदार,
लिहून मोकळा होतो
राजमती नेमगोंडा चौ

“अहो, हे काय केलंत! पाचशेचा स्टॅम्प आहे!”
तो खोडरबर शोधायला लागतो.

खोडायचं नसतं, मी म्हणते.
चुकीवर एकच आडवी रेघ मारायची,
खालचं वाचता आलं पाहिजे अशी.
वर बरोबर लिहायचं.
बाजूला छोटी सही, तारीख.

“हे कुणी सांगितलं?”

ऑडिटिंग. प्रकरण तिसरं.
शुक्रवारी हळद धुवायच्या आधी
तेवढंच वाचून झालं होतं.