जागा आहे

दोरी ओढायची आणि सोडून द्यायची, एकदम.
हे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो
तरी प्रत्येक जण ती बोटात धरून ठेवतो,
भीतभीत, पतंगाला ढील द्यावी तशी.
मग आतला माणूस पेंगतो, जाड आवाजात रेंगाळतो
आणि पाहुणे म्हणतात, बिघडलाय वाटतं.

एकेचाळीस आहेत.
वर्तकनगरच्या दोन खोल्यांत, फ्रिजवर, माळ्यावर,
पिठाच्या डब्यामागे.
मस्कतहून कुणाच्या तरी मामाने आणलेली बाहुली,
ती जपानीत भूक लागली म्हणते
असं आम्ही धरून चाललोय.
एक विदूषक, फक्त हसण्याआधीचा श्वास घेतो.
छाती उघडली की प्रत्येकात
पाच रुपयांच्या नाण्याएवढी तबकडी,
तीन खाचा, तीन वाक्यं.
सुई कुठल्या खाचेत पडेल ते त्याचं नशीब.

दिवसा गोखले रोडच्या दुकानात मी
म्हाताऱ्यांच्या कानातली यंत्रं साफ करतो,
रात्री ह्यांचे घसे.

हा मिळाला राबोडीच्या इद्रीसकडे,
कुकरच्या झाकणांखाली, किलोच्या भावात.
खाकी टोपी, खाकी शर्ट, उजवा हात कोपरापासून नाही.
पाठीवर उठावाची अक्षरं : चंदन टॉईज, वागळे इस्टेट.
रबराच्या पट्ट्याची काकवी झालेली.
टेपरेकॉर्डरचा पट्टा बसवला,
तर चिमणीसारखा किचकिचला.
सैल केला, अजून सैल.
घरघर, घरघर, मग स्वच्छ :
जागा आहे.
आणि मागोमाग
टक्.

मी त्याला रखवालदार ठरवलं.
दाराशी, चपलांच्या वर, त्याला फळी ठोकली.
वडील सिव्हिलला होते त्या महिन्यात
रात्री दोनला कुलूप काढून आत आलो
की दिव्याआधी दोरी ओढायचो.
जागा आहे.
बरं, म्हणायचो मी. बरं.

ते टक् मात्र जाईना.
सुई बदलली, कापूस लावला,
गिअरचा एकेक दात भिंगाखाली धरला.
चार वर्षं.

गेल्या गुरुवारी नवा पट्टा घालायला
दुकानात नेला होता, आणि आल्या शेवंती नाखवा,
चेंदणी कोळीवाडा, डावा कान.
यंत्र काउंटरवर ठेवलं आणि ह्याला उचललं.
"हा आमचा कंडक्टर. पंच कुठं गेला रे ह्याचा?"

मी म्हटलं, रखवालदार आहे.

"येड्या, दिवसाला दोनशे वेळा ओढायचे मी ह्याला,
चालतो का बघायला."
तर्जनी पुढे केली. पेरावर एक पांढरी रेघ.
"पुढे सरका, जागा आहे.
स्टोअरकीपर फणशांचा आवाज.
जेवणाच्या सुट्टीत भरला, मशिनं बंद असताना."

मी तिचं यंत्र पुसून कानात बसवलं.
तिने दोरी ओढली
आणि मी काही सांगायच्या आत
एकदम सोडून दिली.

जागा आहे. टक्.

ती इतकी हसली की यंत्राने शिट्टी मारली.
"माझा डबा! बोंबील होते.
फणसे म्हणाले, झाकण लाव बाई, वास येतो.
मी लावलं, पण जरा उशिरा."

पैसे देताना पुन्हा एकदा ओढली.
ह्या वेळी हसली नाही.
कान त्याच्या पोटाला लावून, टक् होईपर्यंत थांबली.

घरी आणून त्याला पुन्हा दाराशीच ठेवलाय.
चार वर्षं पहारा केलेल्याला कसं सांगायचं
की बाबा, तू सगळा वेळ बसमध्ये होतास.
कापूस तेवढा काढला.

इद्रीसचा फोन होता, एक पोपट आलाय, बोलका, चोच शाबूत.
वसुधा दारात उभी, सँडल काढत.
बेचाळिसावा आणू नकोस, म्हणाली,
ठेवणार कुठे?

मी उत्तर दिलं नाही.
दोरी तिच्याच हाताशी लोंबत होती.