दुसऱ्याची हळद

गोठिवलीच्या हळदीत कुणीतरी
हात पुसले बत्ताशीच्या आयाळीला.
कुणी, ते कळायला मार्ग नाही,
चारशे माणसं होती आणि दोन डीजे.
सकाळी पाहिलं तर मानेपासून खांद्यापर्यंत
बेसनात पडल्यासारखी घोडी.

मी साबण लावला.
तिथे चुकले.
हळद साबणाला चिडते, हे मोरीवर रोज पाहूनही
तबेल्यात आठवलं नाही.
पिवळ्याचं लाल झालं.
बाबा खाटेवरून एवढंच म्हणाले,
"आता घाई करू नको गो.
नुसत्या पाण्याने काढ. मग उन्हाला दे."

बाबांच्या हातात पेला दिला
की पाणी आधी हलतं, मग बाबा.
म्हणून सध्या हात माझे, डोळे त्यांचे.

"टोकापासून सुरू कर.
वीतभर सुटलं की मग वीतभर वर.
गाठीच्या वर केस मुठीत धर,
ओढ तुझ्या मुठीला बसू दे,
तिच्या मुळाला नको."

गाठींतून निघतं ते असं:
झिलमिलचे तुकडे, वाळलेल्या फेसाचे पापुद्रे,
खोट्या मोगऱ्याचा डिंक,
आणि एक सेफ्टी पिन,
जी रात्रभर टोचत असेल
आणि ही बँडवर पाय उचलत होती.
पिन मी बाबांना दाखवली नाही.

खोबरेल बोटांना लावायचं, केसांना नाही,
नाहीतर खाणीकडची सगळी धूळ मुक्कामाला येते.
शेपटीला बाजूने उभं राहायचं,
खांदा तिच्या मांडीला टेकवून,
म्हणजे आपण कुठे आहोत हे तिला कळतं.

डेकोरेटर रोनक म्हणाला, "कापून टाका शेपूट.
मशीदबंदरला नकली मिळते आठशेत, रबरासकट.
व्हिडिओत कुणाला कळतंय?"
बाबा म्हणाले, "आणि माशी बसली
तर काय तुला फोन करायचा तिने?"

शुक्रवारी दिव्याची सुपारी.
मंगळवारी नवऱ्याची आत्या पाहायला आली,
नाकाला पदर, दोन बोटांनी आयाळ उचलून:
"ही कुणाची हळद?
दुसऱ्याची हळद आमच्या पोराला चालायची नाही."
"उन्हाने जाते," बाबा म्हणाले.
"नाही गेली तर?"
बाबांनी नुसतं वर पाहिलं,
हाय टेन्शनच्या तारांपलीकडे.

सिडकोच्या बिल्डिंगची सावली दहाला हटते,
समोरच्या नव्या टॉवरची दोनला येते.
मधलं ऊन आमचं.
तीन दिवस मी घोडी सरकवत राहिले
वाळवणासारखी,
इकडून तिकडे, पाणी शिंपडून, केस पसरून.
लाल गेलं. केशरी गेलं.
मग पिवळं, मग जुन्या पंचाच्या रंगाचं काहीतरी,
मग तेही.

फक्त आतल्या बाजूला, मान खांद्याला मिळते तिथे,
एक बट राहिलीच.
ती मी वेणीच्या पोटात घातली
आणि वर पांढरे पदर घट्ट ओढले.

दिव्यात वरात वळणावर आली
आणि फटाक्यांची माळ अगदी पायाशी फुटली.
बत्ताशी दचकली, मी लगाम धरला,
नवऱ्याने घाबरून जे हाताला लागलं ते धरलं:
तीच वेणी, तिथेच.
त्याच्या नखांतही पिवळं होतं.
आत्या पुढे नाचत होती,
तिने मागे पाहिलं नाही.

घरी आलो तेव्हा दीड वाजला होता.
बाबा जागेच.
वेणी सोडली, टोकापासून, वीत वीत,
फणीवरचे केस मुठीत घेतले.
"किती तुटले?"
"दोन," मी म्हटलं.

तीन होते.
एक पिवळा.