तिनाला दोन

त्सियाला बाई म्हणाल्या, आधी झाकण लावा.
तीन आठवडे मी पियानोच्या बंद झाकणावरच वाजवत होतो,
उजव्याने तीन, डाव्याने दोन,
तेवढ्याच वेळात, एकाच श्वासात.
वरचा गोचा खाली येऊन विचारून गेला,
सुतार लावलाय का?

मी एकसष्ट वर्षांचा.
कुताइसीच्या मोटार कारखान्यात बंद पडेस्तोवर वेल्डिंग केलं.
या हातांना एकमेकांची सवय आहे,
एक धरतो, दुसरा जाळतो.
वेगळं वागा असं त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही.
उजवा तिनावर निघाला की डावा त्याच्यामागे,
बाजाराला नेलेल्या शेळीसारखा,
नाहीतर मधेच पाय रोवून उभा.

या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात.
दान करताना जमत असेल.
इथे एकाची करंगळी हलली
तरी दुसऱ्याला वास लागतो.

कागदावर सोपं आहे.
दोन आणि तीन यांचा लसावि सहा.
पेन्सिलीने सहा घरं आखली, फुल्या मारल्या:
पहिल्या घरात दोघे,
तिसऱ्यात उजवा, चौथ्यात डावा, पाचव्यात उजवा.
दुसरं आणि सहावं रिकामं.
फुल्या बरोबर आल्या.
हात आले नाहीत.

तेव्हा बाई म्हणाल्या, मोजू नका, बोला.
त्यांची आई स्टेशनवर त्यांना जे म्हणाली होती
तेच चाळीस वर्षं त्या पोरांना शिकवत आल्यात:
जा, परत ये.
'जा' लांब. 'परत' घाईत, दोन तुकड्यांत. 'ये' पुन्हा लांब.
बस, एवढंच.

मी बोललो. हातांनी ऐकलं.
जा, परत ये. जा, परत ये.
झाकण उघडलं. दोनच सूर,
पण गोचा खाली आला नाही.

पियानो एतेरीचा.
जाताना एवढंच म्हणाली, यावर कुंड्या ठेवू नकोस.
मी ठेवल्या.
नऊ वर्षं ती बारीत एका परक्या म्हातारीला भरवते आहे,
आणि लाकडावर सात गोल डाग पडलेत.
हिवाळ्यात आमच्यात तीन तासांचं अंतर असतं, उन्हाळ्यात दोन.
मार्च संपताना तिकडची घड्याळं पुढे करतात,
आम्ही आमची हलवत नाही.

रविवारी फोन पट्ट्यांजवळ टेकवून ठेवला आणि वाजवलं.
बराच वेळ ती गप्प.
मग म्हणाली, डावा गळक्या नळासारखा येतोय.
म्हातारीच्या ताटलीवर चमच्याने तिने दोन धरले,
म्हणाली, तू नुसते तीन वाजव.
पण आवाजाला समुद्र ओलांडायचा असतो.
तिचे दोन माझ्या तिनात कुठेच बसेनात.
आम्ही हसलो,
तेसुद्धा मागेपुढे.

रात्री तो कागद पुन्हा काढला,
फुल्यांखाली अक्षरं लिहिली,
आणि तेव्हा दिसलं:
दोन्ही हात एकत्र पडतात ते फक्त 'जा'वर.
'ये' म्हणायला एकटा उजवा.
डाव्याच्या वाट्याला 'परत'चं शेपूट.
त्यानंतर ते सहावं, मोकळं घर.
आणि मग परत दोघे मिळून,
जा.

गुरुवारी बाईंना दाखवलं.
चष्मा वर करून त्यांनी कागद पाहिला,
बराच वेळ पाहिला,
मग पाकिटात लिफ्टसाठी नाणं शोधू लागल्या.
त्या राहतात नवव्या मजल्यावर,
आणि आमची लिफ्ट नाण्याशिवाय कुणाला वर नेत नाही.
म्हणाल्या, ते सहावं घर तुम्ही खाऊन टाकता.
घाई करता.
पुरतं रिकामं राहू द्या त्याला.

नाणं माझ्याच खिशात निघालं.
दार लागता लागता म्हणाल्या,
चाराला तीन द्राक्षं उतरल्यावर बघू.