ळ हातानं

परभणीच्या कलेक्टर कचेरीसमोर, लिंबाखाली,
माझ्या मशीनचा ळ सात वर्षांपासून मुका आहे.
टंकताना जागा सोडतो,
कागद बाहेर आला की ती शाईनं भरतो.
चालतं. कुळाचं, नळाचं, वाटणीचं, सगळं चाललं.

मेहताबभाई तांबोळी, जिंतूरहून पहिल्या गाडीनं.
पिशवीत कागद. कागदांना ओल्या फडक्याचा
आणि नागवेलीचा वास.
"लिवा टंकवाले. नव्यानं लिवा."

नवं काय लिहू?
बारा वर्षांचे होते. पोलीस ॲक्शन झाली,
मामानं मनमाडच्या गाडीत बसवलं.
कुठं चाललोत विचारलं, तर म्हणाला, मावशीकडं.
मावशी कराचीत निघाली.

एकोणिसाव्या वर्षी आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर,
आजारी आईला बघायला.
ती तीन महिन्यांत मेली नाही
आणि बरीही झाली नाही.
पासपोर्ट तिनंच चुलीत घातला.
"हे पुस्तक तुला नेतंय," म्हणाली,
आणि त्यावरच चहा उकळला.

पाचव्या वर्षी जमादार आला.
रोज यांच्याकडूनच विडा न्यायचा तो.
त्या दिवशीही नेला, पैसे दिले नाहीत,
यांनाच नेलं.
बाडमेरच्या पुढं रूळ संपतात म्हणे, मग नुसती वाळू.
इकडचा शिपाई म्हणाला, जा तुझ्या देशात.
तिकडच्यानं विचारलं, तू कुठला रे?
सतराव्या रात्री हे परत फिरले.

इतकं सगळं
रकाना नऊमध्ये मावत नाही.
रकाना नऊ: शेवटचा प्रवेश कोणत्या मार्गाने, कोणत्या कागदावर?
वकील म्हणतो, कोरा ठेवा.
बडे बाबू म्हणतात, कोरा चालत नाही.
खरं लिहिलं तर एक कलम, खोटं लिहिलं तर दुसरं.
आणि आधी तिकडच्या वकिलातीचं पत्र आणा,
की हा माणूस आता आमचा नाही.
आम्ही दोनदा लिहिलं. एकदा उत्तर आलं:
होता कधी, ते दाखवा.

मागच्या खेपेला बाबूनं तीन कागद शेजारी मांडले.
ठाण्याच्या रजिस्टरात तांबोली.
निजामाच्या वेळच्या शाळेच्या दाखल्यावर, उर्दूत, तंबोली.
माझ्या अर्जात तांबो, मग एक भोक, मग वेलांटी,
भोकात माझा शाईचा ळ.
"ही तीन माणसं आहेत," बाबू म्हणाला. "यातला कोण आला?"

मेहताबभाई तेव्हा बोलले नाहीत.
आज लिंबाखाली बोलले, चुना मळत.
"मावशीच्या गल्लीत पोरं मला धरायची.
म्हणायची, बोल, बोल, केळं बोल. बाभूळ बोल.
मी बोललो की हसायची.
त्यांच्या जिभेला ते यायचंच नाही.
महं सगळं बदललं तिथं, टोपी, सलाम, चहा.
हे एक तोंडातून निघंना.
हे लिवता येतं का कुठं, टंकवाले?"

मी रकाने वरून खाली पाहिले.
तशी ओळ नव्हती.

"मग नववीत लिवा, चालत."
"कागद?"
"मही माय."

चालत, एवढंच टंकलं.
कागद काढला, पेन उघडलं, तर म्हणाले, थांबा.
दर सोमवारी ठाण्यात उर्दूत सही करणारा हात,
चुन्यानं बोटं सोललेली,
त्यानं तांबोच्या पुढच्या भोकात
दोन गाठी मारल्यासारखा, जरा आडवा,
ओळीच्या खाली घसरलेला ळ काढला.
माझ्यापेक्षा वाईट. मी खोडला नाही.

आवक खिडकीवर शिक्का पडला.
पोच घेऊन ते उन्हात उभे राहिले,
कागद डोळ्यांशी नेत, मग लांब धरत.
रबरातला ळ शाबूत होता.
"मिळाला?" त्यांनी वाचलं, की विचारलं.

अर्ज मिळाला, मेहताबभाई.
अजून फक्त अर्ज.

त्यांनी मला विडा बांधून दिला,
जिंतूरची गाडी सव्वापाचला असते.