आजची उद्यावर

खिडकीतून मारीनची खाडी दिसते,
शिंपल्यांचे तराफे दिसतात,
आणि खाली, रुग्णवाहिकेच्या उताराशी,
एलादिओ कास्तिन्येइरास:
आत येण्याआधीची शेवटची ओढत.

शेवटची, असं तो म्हणतो.
मी नोंदवहीत फक्त वेळ लिहिते.

हर्नियाची शस्त्रक्रिया. तातडीची नाही.
सव्वीस मार्च, म्हणजे सात आठवडे हातात.
मी नळी पुढे करते: श्वास धरा, पंधरा मोजा,
आता फुंका, सावकाश, पार तळापर्यंत.
"सेहेचाळीस वर्षं फुंकतोच आहे की!"
आकडा चढत चढत एकोणतीसवर थांबतो.
बोटीच्या इंजिनखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला
काट्याची भाषा कळते. तो गप्प होतो.

मी त्याला घाबरवत नाही.
घाबरलेला माणूस दाराबाहेर पडताच आधी काडी शोधतो.
मी टाक्यांबद्दल बोलते:
खोकल्याची एक उबळ, आणि शिवण उसवते.
फाटलेलं सांधायला हवा लागते,
तुमच्या रक्तात तिची जागा धुरानं अडवलीय.
जाळी विणणाऱ्या आईचा मुलगा तो.
शिवण म्हटल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे बघतो.

दंडावर पट्टी, खिशात च्युइंगगम, गुरुवारी माझा फोन.
आणि एक युक्ती, कुठल्याच चिठ्ठीवर नसलेली:
तलफ आली की नाही म्हणू नका.
नंतर म्हणा.
आजचं मरण ढकलतात ना माणसं, तशी
आजची उद्यावर ढकला.

पहिल्या गुरुवारी फोन दोसिंदानं उचलला:
"तो परसात कोंबड्यांवर ओरडतोय."
मग काही बरे दिवस.
मग भावाची बोट परतली, धक्क्यावर दोन झाल्या.
दोनच?
चार.
मी चार लिहिले, आणि
खरं सांगितलंत, बरं केलंत, म्हटलं.

सव्वीसला तो उपाशीपोटी आला,
दाढी घोटून, इस्त्रीचा सदरा घालून.
आकडा तीन.
साडेनऊला वरून निरोप: रात्री महामार्गावर अपघात,
भुलीचे डॉक्टर तिकडे अडकलेत,
तातडीच्या नसलेल्या सगळ्या पुढे.
तारीख कळवू.

हे सांगायचं काम माझं.
ज्या खुंटीला मी त्याचे सात आठवडे टांगले होते
तीच भिंतीतून निघून माझ्या हातात आली.
वाकून बूट बांधणं त्याला जमत नव्हतं.
एक नाडी मी बांधली.
दुसरी त्यानं बांधू दिली नाही.

मग खिडकी. तो उताराशी थांबला.
कुणीतरी पाकीट पुढे केलं.
तेवढ्यात रुग्णवाहिका मध्ये आली,
आणि ती हलली तेव्हा
उतारावर कुणीच नव्हतं.

गुरुवारी फोन करायला कारण उरलं नव्हतं.
मी केला.
पलीकडे कोंबड्या, मग एक लांब श्वास,
आत घेतलेला की बाहेर सोडलेला, कळेना.
"ढकलली," तो म्हणाला.
कोणी, काय, कुणाची, मी विचारलं नाही.

"सोमवारी येऊ का? तारखेसाठी नाही हो.
नुसतं फुंकून बघायचंय."

मी नवी नळी काढून ठेवली.
नोंदवहीत लिहिलं:
सोमवार, दहा.