झिरप

चोडणच्या फेरीवर मी चिलटं हाकत होतो.
शेजारचा पदेर म्हणाला, फोंडू, कुठायत चिलटं?
तेव्हा कळलं, ती हवेत नाहीत.

बांबोळीला, काळा पडदा लावलेल्या खोलीत
ज्युवेंटीनाबाईनं माझी हनुवटी टेकवून घेतली.
"हालू नका हां. श्वास घ्या, तेवढा चालतो."
दंडात सुई. हळदीहून पिवळं काहीतरी.
मी आकडे मोजू लागलो, भरतीला मोजतो तसे.
बाराला ते डोळ्यात पोचलं.
मग निळा लखलखाट, निळा, परत निळा,
जिभेवर गंजक्या खिळ्याची चव.

नंतर तिनं स्क्रीन वळवला.
माझा डोळा मी आतून पाहिला:
राखाडी शेत, एका कडेला तेजाळ गोल पाणवठा,
त्यातून फुटलेले पाट, पाटांना उपपाट,
कोमुनिदादच्या नकाशातही नसतील इतके बारीक.
आणि काही पाटांच्या कडेनं
पांढरं पसरत चाललेलं,
प्रत्येक फोटोत थोडं अधिक.

डॉक्टर लवंदे शब्द शोधत राहिल्या.
"शिरांना सूज आहे. त्यांच्या भिंती..."
"झिरपतात," मी म्हणालो.
वीस वर्षं मानस सांभाळतोय मी.
खेकड्यानं बांध पोखरला की आधी दिसत काहीच नाही,
नुसती माती गडद होते, तळहाताएवढी.
खाजन खारं झाल्यावर सगळ्यांनाच दिसतं.

"तोंड येतं का वरचेवर?"
डोळ्यांच्या खोलीत तोंडाचं कोण विचारतं?
येतं. दोन वर्षं येतंय. बायको म्हणते, चुन्यानं.
"आणि खाली?" त्यांनी स्क्रीनकडे बघत विचारलं.
ज्युवेंटीनाबाई भिंत बघू लागली, तिला खिडकी नव्हती.
येतं, मी म्हणालो.
हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
फोटोनं सांगितलं.

सकाळी आठ गोळ्या, मग हळूहळू कमी.
तीन महिन्यांनी परत फोटो.
उजवा वाचेल म्हणाल्या.
डाव्याचं त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

परतताना बाहुल्या अजून ताणलेल्या,
फेरीचा दिवा माडाएवढा.
बांधाआड उभा राहिलो तर
धार अशी पिवळीजर्द
की मलाच हसू आलं, एकट्याला.

मग चपला काढल्या आणि बांधावरून चाललो.
ओल तळव्यांना कळते, त्याला डोळे लागत नाहीत.
सातव्या खुंटापाशी माती गार लागली.
बसलो.
चिखल कालवला.